नियतकालिकांचे निष्कासन, ग्रंथालयीन
ग्रंथालयाने पूर्वी मिळविलेली, दाखल नोंदवहीत नोंदविलेली आणि बहुधा वर्षवार बांधून ठेवलेली मुद्रित नियतकालिके संग्रहातून कायमची बाजूला काढण्याच्या क्रियेस निष्कासन म्हणतात. रोजच्या व्यवहारात ‘अंक बाद करणे’ किंवा ‘रद्द करणे’ असे शब्द रूढ आहेत. फाटलेला वा हरवलेला खंड नोंदवहीतून कमी करणे ही याहून वेगळी, हिशोबाची बाब आहे. निष्कासनात सुस्थितीतील, वाचता येण्याजोगा खंड ग्रंथालय विचारपूर्वक सोडून देते. तो दूरच्या कोठारात ठेवला जातो, दुसऱ्या संस्थेस दिला जातो किंवा रद्दीत जातो. विसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या नियतकालिकांचे अंकीय म्हणजेच डिजिटल संग्रह निर्माण झाले, तेव्हापासून विद्यापीठीय व महाविद्यालयीन ग्रंथालयांपुढे हा प्रश्न नव्या स्वरूपात उभा आहे. त्याची मुळे मात्र शंभर वर्षांहून जुनी आहेत.

पॅरिसमधील झुर्नाल दे साव्हां आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचे फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स ही दोन्ही नियतकालिके १६६५ मध्ये सुरू झाली. विद्वत्तापूर्ण नियतकालिकांची परंपरा सामान्यतः तेथून मोजली जाते. ग्रंथ एकदा घेतला की त्याची जागा ठरून जाते. नियतकालिक मात्र दरवर्षी नवी जागा मागते आणि ते बंद पडेपर्यंत ही मागणी थांबत नाही. याउलट एक सोयही आहे. नियतकालिकाचा खंड व अंक क्रमवार असल्यामुळे तो दुसऱ्या ग्रंथालयातील त्याच खंडाशी नेमका जुळविता येतो. ग्रंथांच्या आवृत्त्यांबाबत जी संदिग्धता राहते, ती येथे बरीच कमी असते. जागेच्या टंचाईचा पहिला आघात आणि प्रतिनिधिरूपांचे पहिले प्रयोग हे दोन्ही नियतकालिकांच्याच वाट्यास आले, त्याचे कारण हेच होय.

हार्व्हर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स विल्यम एलियट (१८३४–१९२६) यांनी १९०२ मध्ये ग्रंथालयातील वापरात असलेले व वापरात नसलेले ग्रंथ वेगळे करावेत, असे सुचविले. त्यांच्या मते वापरात नसलेले ग्रंथ स्वस्त जागेत दाटीने रचून ठेवावेत आणि मागणी येईल तेव्हा थोड्या विलंबाने द्यावेत. ग्रंथ नष्ट करण्याचा पुरस्कार त्यांनी केला नव्हता. तरीही या सूचनेस विरोध झाला. कोणता ग्रंथ मृत आहे, हे त्याच्या समोर उभा असलेला अभ्यासकच जाणू शकतो व असा अभ्यासक कधी येईल, हे सांगता येत नाही, असा विरोधकांचा मुद्दा होता. पुढील वादांतही दोन्ही बाजूंचे युक्तिवाद याच धर्तीचे राहिले. १९१५ मध्ये हार्व्हर्डचे वाइडनर ग्रंथालय उघडले व जागेची अडचण काही काळ दूर झाली. नव्या इमारतीमुळे वाद मिटतो आणि ती भरली की पुन्हा सुरू होतो, असे या इतिहासात वारंवार दिसते.

कनेटिकट राज्यातील वेस्लियन विद्यापीठाचे ग्रंथपाल फ्रीमाँट रायडर यांनी १९४४ मध्ये अमेरिकन विद्यापीठांचे ग्रंथसंग्रह सु. सोळा वर्षांत दुप्पट होतात, असा सिद्धांत मांडला. या गतीने येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात २०४० मध्ये वीस कोटी खंड असतील व त्यांना सहा हजार मैलांहून अधिक लांबीच्या फळ्या लागतील, असे त्यांचे गणित होते. हा हिशोब प्रत्यक्षात उतरला नाही. परंतु त्याने ग्रंथपालांच्या मनात जी धास्ती निर्माण केली, ती खरी होती. तत्पूर्वीच, १९४२ मध्ये, बॉस्टन परिसरातील ग्रंथालयांनी न्यू इंग्लंड डिपॉझिट लायब्ररी हे सामाईक कोठार उभारले होते. १९४९ मध्ये अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील दहा विद्यापीठांनी शिकागो येथे मिडवेस्ट इंटर-लायब्ररी सेंटर स्थापन केले. सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज हे त्याचे नंतरचे नाव. क्वचित लागणाऱ्या सामग्रीची एक प्रत सर्वांच्या वतीने एका ठिकाणी ठेवावी आणि इतरांनी आपापल्या प्रती सोडून द्याव्यात, हे तत्त्व येथे प्रथम संस्थात्मक रूपात आले. कोणाजवळ कोणते अंक आहेत, हे सांगणाऱ्या संघतालिकेवाचून असे तत्त्व व्यवहारात आणता येत नाही. अमेरिकेत नियतकालिकांची अशी मोठी संघतालिका १९२७ मध्येच प्रसिद्ध झाली होती.

याच सुमारास वापराची मोजदाद सुरू झाली. लंडनच्या सायन्स म्यूझियम ग्रंथालयातील सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले की, एखाद्या विषयावरील लेखांचा मोठा हिस्सा थोड्याच नियतकालिकांत एकवटलेला असतो व उरलेले लेख असंख्य नियतकालिकांत विखुरलेले असतात. त्याच ग्रंथालयाच्या १९५६ मधील मागण्यांची डॉनल्ड अर्कार्ट यांनी तपासणी केली, तेव्हा सु. निम्म्या नियतकालिकांना वर्षभरात एकदाही मागणी आली नव्हती, असे आढळले. या निष्कर्षांच्या आधारे यॉर्कशरमधील बॉस्टन स्पा येथे उसनवारीचे राष्ट्रीय ग्रंथालय उभे राहिले व ते १९६२ मध्ये कार्यान्वित झाले. १९६० मध्ये बर्टन व केब्लर यांनी किरणोत्सर्गी द्रव्यांच्या परिभाषेतून ‘अर्धायुष्य’ ही कल्पना घेऊन ती शास्त्रीय साहित्यास लावली. त्यांच्या गणनेनुसार भौतिकीतील साहित्याचे अर्धायुष्य ४·६ वर्षे, तर गणितातील साहित्याचे १०·५ वर्षे आहे. ही कल्पना आकर्षक असल्यामुळे ती तिच्या योग्यतेपेक्षा अधिक वापरली गेली. किरणोत्सर्गी द्रव्याचा क्षय निसर्गनियमाने होतो. लेखाचा वापर मात्र तो किती सुलभपणे हाती येतो, यावरही अवलंबून असतो. ब्रिटनमध्ये विद्यापीठ अनुदान समितीच्या ॲटकिन्सन अहवालाने १९७६ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. ग्रंथालयात जितके नवे येईल, जवळजवळ तितकेच जुने बाहेर गेले पाहिजे, अशा ‘स्वयंनूतन’ ग्रंथालयाची शिफारस या अहवालाने केली. विद्यापीठांत तिचे स्वागत झाले नाही.

मूळ प्रतीच्या जागी तिचे प्रतिनिधिरूप ठेवून प्रत सोडून देण्याचा पहिला व्यापक प्रयोग सूक्ष्मपटांच्या म्हणजे मायक्रोफिल्मच्या काळात झाला. यूजीन पॉवर यांनी १९३८ मध्ये मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स ही संस्था सुरू केली. चालू नियतकालिकांचे अंक बांधून घेण्याच्या खर्चात त्यांचा सूक्ष्मपट मिळू शकतो; तेव्हा वाचकांची पहिली गर्दी ओसरल्यावर अंक टाकून देऊन सूक्ष्मपट ठेवावा, असे पॉवर ग्रंथालयांस सांगत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद वापरात आला होता व तो ठिसूळ होतो, ही काळजी या युक्तिवादास पूरक ठरली. ठिसूळपणा ओळखण्याची एक सोपी कसोटी रूढ झाली होती. पानाचा कोपरा पुढे व मागे दुमडून पाहावयाचा आणि काही घड्यांत तो तुटला, तर खंड संकटात आहे, असे मानावयाचे. छायांकन सपाट व्हावे म्हणून अनेक खंडांचे पुठ्ठे व शिवण कापून त्यांची पाने सुटी करण्यात आली. छायांकन संपल्यावर ती पुन्हा बांधण्याचे प्रयोजन उरत नसे.

अमेरिकन लेखक निकल्सन बेकर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डबल फोल्ड या पुस्तकात या साऱ्या व्यवहारावर कठोर टीका केली. पुस्तकाचे नाव त्या घडीच्या कसोटीवरूनच घेतले आहे. कोपरा दुमडण्याने पान वाचता येते की नाही, हे कळत नाही; धूळ होणार म्हणून टाकलेला कागद बऱ्याच ठिकाणी शाबूत होता आणि त्याच्या बदली आलेले सूक्ष्मपट मात्र अस्पष्ट, पाने गाळलेले व एकरंगी होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ब्रिटिश लायब्ररीने १९९९ मध्ये आपल्या संग्रहातील अमेरिकन वृत्तपत्रांचे बांधीव खंड विक्रीस काढले, तेव्हा बेकर यांनी एक न्यास स्थापून त्यांतील पुष्कळ खंड खरेदी केले. शिकागो ट्रिब्यून व न्यूयॉर्क वर्ल्ड यांचे दीर्घ संच त्यांत होते. २००४ मध्ये हा संग्रह ड्यूक विद्यापीठाकडे गेला. बेकर यांच्या पुस्तकात ग्रंथपालांवर अन्याय झाला आहे, असे म्हणावयास जागा आहे. कारण निधी, जागा व कर्मचारी यांच्या मर्यादा त्यांनी फारशा लक्षात घेतल्या नाहीत. परंतु त्यांनी दाखविलेली एक गोष्ट कोणासही खोडता आली नाही. प्रत्येक ग्रंथालयाने मूळ प्रत दुसरीकडे कोठेतरी असेलच, असे गृहीत धरले होते आणि ती कोठे आहे, हे निश्चित करण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेतील ग्रंथालयीन तज्ञांच्या एका कृतिदलानेही मूळ प्रतींच्या जतनासाठी प्रादेशिक कोठारांची शिफारस केली.

अंकीय संग्रहांचा आरंभही जागेच्या प्रश्नातूनच झाला, हे लक्षणीय आहे. ओहायओ राज्यातील डेनिसन विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळात असताना विल्यम बोवेन यांच्यापुढे १९९३ च्या अखेरीस तेथील ग्रंथालयाच्या विस्ताराचा प्रश्न आला. बोवेन हे प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष व त्या वेळी अँड्रू डब्ल्यू. मेलन प्रतिष्ठानाचे प्रमुख होते. नव्या इमारतीत जुन्या नियतकालिकांच्या मांडण्या वाढविण्यापेक्षा ती अंकीय रूपात सर्व महाविद्यालयांना एकदमच पुरवावीत, ही कल्पना त्यांनी पुढे आणली. मिशिगन विद्यापीठाच्या साहाय्याने अर्थशास्त्र व इतिहास या विषयांच्या दहा नियतकालिकांपासून काम सुरू झाले. ऑगस्ट १९९५ मध्ये जेस्टोर ही स्वतंत्र, नफा न घेणारी संस्था स्थापन झाली व १९९७ च्या आरंभी ती इतर ग्रंथालयांस खुली झाली. प्रत्येक अंक मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत चित्रांकित करावयाचा व मूळ पानाची हुबेहूब प्रतिमा ठेवावयाची, हे धोरण होते. प्रकाशकांच्या चालू वर्गणीस धक्का लागू नये म्हणून अलीकडची काही वर्षे, बहुधा तीन ते पाच, संग्रहाबाहेर ठेवण्याची पद्धत पडली. तिला ‘सरकती भिंत’ असे नाव मिळाले.

या कामात एक अनपेक्षित अडचण आली. प्रतिष्ठित नियतकालिकांचेही संपूर्ण संच एका ठिकाणी मिळेनात. कोठे अंक हरवलेले, कोठे पाने कापलेली, तर कोठे बांधणीत मुखपृष्ठे काढून टाकलेली होती. अनेक ग्रंथालयांतून तुकडे गोळा करून एकेक संच पुरा करावा लागला. आपल्याकडे सर्व खंड आहेत, असे तालिकेवरून ठामपणे सांगणाऱ्या ग्रंथालयांच्या दृष्टीने ही बाब फारशी भूषणावह नव्हती. परंतु तिच्यातून असाही अर्थ निघतो की, मुद्रित प्रतींची संख्या पुष्कळ होती म्हणूनच अंकीय संच पूर्ण होऊ शकला. आणखी एका बाबतीत जेस्टोरने जुन्या समजुतीस तडा दिला. अर्धायुष्याच्या सिद्धांतानुसार ज्यांना कोणी वाचक उरावयास नको होते, असे कित्येक दशकांपूर्वीचे लेख मोठ्या प्रमाणावर वाचले जाऊ लागले. फळीवरील खंडाचा अल्प वापर हा लेखाच्या जुनेपणाचा परिणाम नसून पुष्कळदा तळघरातील अंधाऱ्या मांडणीचा परिणाम होता.

इमारतीचा खर्च टळावा, हा मूळ हेतू मात्र मंदगतीने साध्य झाला. अंकीय संग्रहाचा वापर वाढला, तरी ग्रंथालये मुद्रित खंड सोडण्यास लगेच धजावली नाहीत. खंड ठेवण्याचा खर्चही लहान नव्हता. कूरांट व नील्सन यांनी २०१० मध्ये केलेल्या हिशोबाप्रमाणे खुल्या मांडणीवर एक खंड ठेवण्यास वर्षाला सु. ४·२६ डॉलर, तर दाट रचनेच्या कोठारात सु. ०·८६ डॉलर खर्च येतो. आकारमानानुसार खंड रचून ठेवणाऱ्या अशा कोठारांचा नमुना हार्व्हर्डने १९८६ मध्ये घालून दिला होता. किती मूळ प्रती ठेवल्या, तर धोका पत्करण्याजोगा होतो, या प्रश्नाचा कॅलिफोर्निया विद्यापीठातील कॅन्डस यानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रियात्मक संशोधनाच्या पद्धतीने अभ्यास केला. त्याचा आधार घेऊन इथाका या संस्थेच्या २००९ मधील अहवालाने असे सुचविले की, नियतकालिकाचे चित्रांकन चांगले असेल, अंकीय प्रत विश्वसनीय रीतीने जतन केली असेल आणि चित्रांवर त्याचा भर नसेल, तर पानन्‌पान तपासलेल्या दोन मूळ प्रती पुढील वीस वर्षांपुरत्या पुरेशा ठराव्यात. कला, पुरातत्त्व इ. विषयांच्या चित्रबहुल नियतकालिकांस हा निष्कर्ष लागू नाही, हे अहवालाने स्पष्ट केले होते. उद्धृत करताना मात्र हे अपवाद अनेकदा गळून पडले आणि ‘दोन प्रती’ एवढेच मागे उरले.

ब्रिटनमध्ये याहून दक्ष पद्धत अनुसरण्यात आली. इंपीरियल कॉलेज व ब्रिटिश लायब्ररी यांच्या पुढाकाराने २००७ मध्ये यूके रिसर्च रिझर्व्ह ही योजना सुरू झाली. उच्च शिक्षणासाठी निधी पुरविणाऱ्या इंग्लंडमधील परिषदेने तिला अर्थसाहाय्य दिले. एखाद्या सभासद ग्रंथालयास खंड बाद करावयाचे असल्यास त्याने प्रथम त्यांची यादी सादर करावयाची. ती ब्रिटिश लायब्ररीच्या व इतर सभासदांच्या संग्रहांशी ताडून पाहिली जाई. देशात तीन प्रती, एक ब्रिटिश लायब्ररीत व दोन सभासदांकडे, शिल्लक राहत असतील, तरच खंड बाद करण्यास संमती मिळे. तसे नसेल, तर तो खंड त्या ग्रंथालयास ठेवावा लागे किंवा ब्रिटिश लायब्ररीतील उणीव भरून काढण्यासाठी पाठवावा लागे. शंभर कि.मी. लांबीच्या फळ्या मोकळ्या करणे, हे योजनेचे उद्दिष्ट होते. अमेरिकेच्या पश्चिम भागातील ग्रंथालयांनी २०११ पासून अशाच स्वरूपाचा वेस्ट हा सहकारी न्यास चालविला. शेवटची प्रत कोणाची आणि ती ठेवण्यास कोण लेखी बांधील आहे, हे आधी ठरविल्याशिवाय एकही खंड हलवावयाचा नाही, ही या योजनांची खरी कामगिरी होय. मोकळी झालेली जागा हे तिचे फळ आहे.

अंकीय प्रतीच्या उणिवा तीन प्रकारच्या आहेत. पहिली, आशयाची : काही प्रकाशकांच्या जुन्या अंकांच्या संचांत मुखपृष्ठे, जाहिराती, संपादक मंडळांच्या याद्या व पुरवण्या गाळलेल्या असतात, तर रंगीत चित्रपत्रे काळीपांढरी झालेली आढळतात. दुसरी उणीव स्वामित्वाची असून ती अधिक गंभीर आहे. मुद्रित नियतकालिकाची वर्गणी बंद केली, तरी घेतलेले खंड ग्रंथालयाचेच राहतात. अंकीय संग्रहाच्या बाबतीत ग्रंथालय बहुधा परवाना विकत घेते व करारात कायम प्रवेशाची तरतूद नसेल, तर वर्गणीबरोबर मागील अंकही हातचे जाऊ शकतात. तिसरी उणीव टिकाऊपणाची. या दोन उणिवांवर उपाय म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठात लॉक्स हा प्रकल्प विकसित झाला. त्यात अनेक ग्रंथालये अंकीय प्रती स्वतःजवळ ठेवून त्या परस्परांशी ताडून पाहतात. २००२ मध्ये नेदर्लंड्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांच्या कायम जतनाचा करार केला आणि २००५ मध्ये पोर्टिको ही जतनसेवा सुरू झाली. अशा व्यवस्थांबाहेर राहिलेल्या नियतकालिकांची स्थिती बिकट आहे. २००० ते २०१९ या काळात मुक्त प्रवेशाची १७४ नियतकालिके महाजालावरून नाहीशी झाली, असे लाक्सो, मॅथियास व यान यांच्या पाहणीत दिसून आले. मोठ्या प्रकाशकांच्या तुलनेने छोट्या विद्वत्संस्थांची व विद्यापीठांची नियतकालिके अधिक असुरक्षित असतात.

भारतात प्रश्नाचे स्वरूप काहीसे निराळे आहे. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ग्रंथालयांच्या प्रत्यक्ष पडताळणीचे अंतर ठरवून दिले आहे. वर्षभरात वाचकांना दिलेल्या वा वाचलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी त्यांत वाजवी मानली आहे. मात्र ती अप्रामाणिकपणामुळे वा निष्काळजीपणामुळे झालेली नसावी आणि दुर्मिळ ग्रंथ गहाळ झाल्यास, त्याची किंमत काहीही असो, चौकशी झालीच पाहिजे. ग्रंथाकडे प्रामुख्याने जडवस्तू म्हणून पाहणाऱ्या या दृष्टीमुळे ग्रंथपाल निष्कासनास सहसा तयार होत नाही. मग जागा संपते तेव्हा खंड बाद होत नाहीत. ते जिन्याखाली, गच्चीवरील खोलीत किंवा वापरात नसलेल्या वर्गात जातात आणि वाळवी व ओल यांच्यामार्फत निष्कासनाचे काम कोणाच्याही सहीशिवाय पार पडते. दुसऱ्या बाजूने अंकीय नियतकालिकांचा पुरवठा झपाट्याने वाढला आहे. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीस प्रकाशकांची सु. तेरा हजार नियतकालिके सहा हजारांहून अधिक शासकीय शिक्षण व संशोधन संस्थांना उपलब्ध करून देण्यासाठी तीन वर्षांकरिता सहा हजार कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. परदेशी नियतकालिकांचे मुद्रित संच यामुळे अनेक ठिकाणी अनावश्यक वाटू लागणे स्वाभाविक आहे. त्यांच्या मूळ प्रती अन्यत्र सुरक्षित असल्याने ते सोडून देण्यात धोकाही थोडा आहे.

हाच तर्क मराठी नियतकालिकांस लावता येत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ॲनल्स, डेक्कन कॉलेजचे बुलेटिन आणि मुंबईचे इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली यांचे मागील अंक जेस्टोरवर आहेत. ही इंग्रजी नियतकालिके जगभरच्या ग्रंथालयांत विखुरलेलीही आहेत. १८६७ मध्ये सुरू झालेले विविधज्ञानविस्तार किंवा काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे मनोरंजन यांसारख्या मासिकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या काही अंकांच्या अंकीय प्रती झाल्या असल्या, तरी मूळ अंक मोजक्याच संस्थांत असून तेथेही संच पुष्कळदा अपुरे आहेत. १९०९ मध्ये मनोरंजनाने काढलेला दिवाळी अंक हा मराठीतील दिवाळी अंकांच्या परंपरेचा आरंभ मानला जातो. त्या काळच्या अंकांतील मुखपृष्ठे व जाहिराती आज सामाजिक इतिहासाची साधने ठरली आहेत आणि बांधणी करताना नेमकी तीच पाने काढून टाकण्याची चाल होती. ब्रिटनमधील तीन प्रतींच्या नियमासारखी, मूळ प्रत ठेवण्याचे लेखी बंधन घालणारी सर्वदेशीय योजना भारतात अद्याप उभी राहिलेली नाही. इन्सडॉक या १९५२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्राने शास्त्रीय नियतकालिकांची राष्ट्रीय संघतालिका सिद्ध केली होती. परंतु तीत भर शास्त्रीय विषयांवर होता व भारतीय भाषांतील वाङ्‌मयीन मासिके तिच्या कक्षेबाहेर राहिली. त्यामुळे महाराष्ट्रातील एखाद्या महाविद्यालयाने जुन्या मराठी मासिकाचा बांधीव खंड रद्दीत काढला, तर त्याची दुसरी प्रत कोठे आहे, हे त्या ग्रंथपालास एका ठिकाणी पाहून ठरविता येत नाही. त्याला जुन्या ग्रंथसंग्रहालयांस एकेक पत्र लिहूनच त्याचा शोध घ्यावा लागतो.